शीड सर्वांचे, खरवडणी कोणाची?

१/२४
शिडाच्या होडीचे नाव काढले की फुगलेले शीड, निळे पाणी आणि वाऱ्यावर कललेली डोलकाठी डोळ्यांसमोर उभी राहते. या चित्रात एक वस्तू सहसा नसते. ती म्हणजे खरवडणी. होडीच्या बुडाला चिकटलेले शिंपले, शेवाळ आणि जुना रंग काढण्याचे ते साधे लोखंडी पाते. ते कोणाच्या हातात होते, एवढा एकच प्रश्न विचारत गेले तरी शिडाच्या होड्यांच्या क्लबांचा सुमारे तीनशे वर्षांचा सामाजिक इतिहास उलगडतो. आयर्लंड, इंग्लंड, मुंबई, फ्रान्स आणि नॉर्वे असा या धाग्याचा प्रवास आहे. त्याच्या मध्यभागी मात्र ब्रिटनीच्या किनाऱ्यासमोरची काही ओसाड बेटे आहेत.

२/२४
आधी कामाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. समुद्राच्या पाण्यात उभ्या असलेल्या होडीच्या बुडावर काही आठवड्यांतच शेवाळाचा थर धरतो आणि मग बार्नॅकल व शिंपले चिकटतात. होडीचा वेग मंदावतो, सुकाणू जड होते. लाकडी होडीच्या फळ्या उन्हात आकसतात, पाण्यात फुगतात. त्यांच्या मधल्या फटींत सूत ठोसून त्या पुनःपुन्हा बुजवाव्या लागतात. म्हणून वर्षातून निदान एकदा होडी पाण्याबाहेर ओढायची, खरवडायची, घासायची, सुकवायची, रंगवायची आणि पुन्हा पाण्यात लोटायची. हे काम एकदा केले म्हणजे संपले, असे कधीच होत नाही.

३/२४
होडीची ही कथा, तर धक्क्याची याहून बिकट. खाऱ्या पाण्यातील लाकडी खांबांचा मोठा शत्रू म्हणजे ‘टेरेडो’. याला जहाजकिडा म्हणतात, पण तो किडा नसून लांबट देहाचा शिंपलावर्गीय प्राणी आहे. तो लाकडात शिरतो आणि आतून पोखरत जातो. बाहेरून खांब धडधाकट दिसत राहतो. १७३१ मध्ये हॉलंडमधील समुद्रबंधाऱ्यांच्या लाकडी आवरणाची त्याने चाळण केली होती. १९१९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत सान फ्रान्सिस्को उपसागराच्या उत्तर भागातील अनेक धक्के त्याच्यामुळे कोसळले. धक्क्यावर उभे राहून समुद्र पाहणाऱ्याला पायाखालचा खांब किती उरला आहे याची कल्पना नसते. ती असावी लागते ओहोटीच्या वेळी खाली उतरून खांबावर हातोडीने ठोके देणाऱ्याला.

४/२४
याच्या जोडीला दोर, शिडे, कप्प्या, साखळ्या आणि नांगर. उन्हाने शिडाचे कापड विरते, मिठाने कप्पी अडकते, घर्षणाने दोर आतून झिजतो. होडी एकाच्या मालकीची असेल तर दोष कळतो आणि त्याची झळही त्यालाच लागते. होडी चाळीस जणांची असेल तर? आज संध्याकाळी ज्याच्या हातून सुकाणूची खीळ सैल झाली, तो घरी जातो. उद्या सकाळी भर वाऱ्यात ती निखळते दुसऱ्याच्या हातात. सामायिक होडीवर आधीच्या माणसाचा निष्काळजीपणा नंतरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. क्लबांच्या इतिहासातला देखभालीचा प्रश्न म्हणूनच स्वच्छतेपुरता कधी नव्हता.

५/२४
आरंभीच्या क्लबांना हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांच्याकडे नोकर होते. आयर्लंडमधील कॉर्क बंदराच्या ‘वॉटर क्लब’ची स्थापना परंपरेने १७२० ची मानली जाते, आजचा रॉयल कॉर्क यॉट क्लब त्याचाच वारसा सांगतो. १८१५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेला क्लब पुढे रॉयल यॉट स्क्वॉड्रन म्हणून प्रसिद्धीस आला. हे जमीनदारांचे, सरदारांचे आणि नौदल अधिकाऱ्यांचे क्लब होते. नौकेचा मालक दिशा सांगे, पाहुण्यांचा सत्कार करी, शर्यतीतला करंडक स्वीकारी. शीड ओढणारे, तळ खरवडणारे आणि रात्री पाणी उपसणारे हात पगारी असत.

६/२४
हे पगारी हात कोठून येत? इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एसेक्स परगण्यात टॉल्सबरी, ब्राइटलिंगसी, विव्हनहो अशी गावे आहेत. तेथील कोळी हिवाळ्यात कालवे आणि मासे पकडत आणि उन्हाळ्यात श्रीमंतांच्या नौकांवर खलाशी म्हणून जात. १९३० च्या दशकातील अजस्र ‘जे’ वर्गाच्या नौकांपर्यंत ही पद्धत टिकून होती. वारा, भरती आणि दोर यांचे ज्ञान त्यांच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. नौकेवर मात्र ते चाकर होते. एकाच नौकेवर ज्ञान एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, अशी ही विभागणी शतकभराहून अधिक काळ कोणाला खटकली नाही.

७/२४
हीच विभागणी साम्राज्याबरोबर मुंबईत आली. आजच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ ची. वसाहतकाळात त्याचे सदस्यत्व युरोपियांपुरते होते; नौका सांभाळण्याचे काम पगारी तांडेल आणि खलाशांकडे असे. याच बंदराच्या काठाने कोळीवाड्यांत वेगळी रीत नांदत होती. पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या, शाकारायच्या, डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात लोटायच्या. जड होडी वाळूवर ओढायला एका घराची माणसे पुरत नाहीत, शेजाऱ्यांचे खांदे लागतात. क्लबात एकाचे सुख दुसऱ्याच्या मजुरीवर उभे होते, कोळीवाड्यात एकाची होडी दुसऱ्याच्या खांद्यावर. दोन्ही रीती एकाच बंदरात होत्या. एकीची दुसरीला ओळख नव्हती.

८/२४
इंग्लंडात पहिला बदल घडला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८७२ मध्ये टेम्स नदीकाठच्या एरिथ येथे कॉरिंथियन यॉट क्लब स्थापन झाला. पगारी खलाशांवर विसंबून न राहता सदस्यांनी आपली नौका स्वतः हाकावी, हे त्याचे ध्येय. वकील, डॉक्टर, कारकून, व्यापारी अशा मध्यमवर्गीयांना लहान नौका परवडू लागल्या होत्या. दहा खलाशांचा पगार परवडणारा नव्हता. गरज आणि अभिमान यांचे त्यात मिश्रण होते. ‘कॉरिंथियन’ हा शब्द त्या काळी हौशी खेळाडूच्या सचोटीचे विशेषण ठरला आणि नौकाक्रीडेत तो अद्याप वापरला जातो.

९/२४
मात्र या सुधारणेची मर्यादा पाहण्यासारखी आहे. हौशी माणसाने शर्यतीत सुकाणू धरणे प्रतिष्ठेचे झाले. हिवाळ्यात त्याच नौकेखाली उताणे पडून डोळ्यांत रंगाचे कण घेणे प्रतिष्ठेचे झाले नाही. ती कामे बहुधा गोदीतल्या कारागिरांकडे आणि क्लबच्या पगारी नावाड्याकडेच राहिली. खेळातला नोकर गेला, देखभालीतला टिकला. खेळाचा खर्चही त्यामुळे फारसा उतरला नाही; सामान्य कामगाराला शिडाची होडी पूर्वीइतकीच दूर राहिली. खरवडणीही सदस्याच्या हाती यायला दोन महायुद्धे जावी लागली.

१०/२४
आता फ्रान्स. १९४१ मध्ये, जर्मन ताब्यातील पॅरिसमध्ये, फिलिप व्हियानी हा तरुण आणि त्याचे सहकारी यांनी ‘देफाँस द ला फ्राँस’ हे गुप्त वृत्तपत्र सुरू केले. त्याच्या सहकाऱ्यांत एलेन मोर्दकोविच होती, रशियातून परागंदा झालेल्या आईवडिलांची मुलगी आणि सोरबोन विद्यापीठातील विद्यार्थिनी. १९४२ मध्ये दोघांनी लग्न केले. सोरबोनच्या तळघरात छापले गेलेले हे पत्र जानेवारी १९४४ मध्ये साडेचार लाख प्रतींवर पोहोचले. या संघटनेतील अनेकांना अटक झाली. जनरल द गॉल यांची पुतणी जनव्हिएव्ह हिची रवानगी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत झाली.

११/२४
गुप्त छापखाना हेही एक सामायिक यंत्रच होते. ते बिघडले तर कारागीर बोलावता येत नसे. शाई, कागद, वंगण, वाहतूक आणि पहारा ही सारी कामे विद्यार्थ्यांनीच वाटून घ्यायची. कोण प्राध्यापकाचा मुलगा आणि कोण मजुराचा, याला तेथे अर्थ नव्हता. फ्रान्स मुक्त झाल्यावर या तरुणांपुढे निराळीच पोकळी उभी राहिली. कित्येकजण छावण्यांतून परतले होते, शरीराने आणि मनाने खचलेले. जुन्या समाजात परत जाऊन जुन्याच पायऱ्यांवर उभे राहायचे, तर चार वर्षे कशासाठी झगडलो, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता.

१२/२४
१९४७ च्या उन्हाळ्यात व्हियानी दांपत्याने ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यासमोरील ग्लेनाँ द्वीपसमूहावर शिबिर भरवले. काँकार्नो बंदरापासून सुमारे पंधरा-वीस किलोमीटर दूर असलेली ही बेटे म्हणजे वाळू, खडक, गवत, एक दीपगृह आणि अठराव्या शतकातील सिगोन्य किल्ला. मूळ हेतू नौकानयन शिकवण्याचा नव्हताच. युद्धातून आलेल्या तरुणांना विसावा मिळावा, चर्चा व्हावी आणि एकत्र राहण्याची सवय लागावी, एवढाच होता. पण बेटावर राहायचे तर होडी लागते. बघता बघता होडी हेच शिबिराचे मुख्य शिक्षण झाले आणि ‘ग्लेनाँ’ ही युरोपातील अत्यंत प्रभावी नौकानयन शाळांपैकी एक ठरली.

१३/२४
या शाळेत नोकर नव्हते. स्वयंपाक, भांडी, गोड्या पाण्याची काटकसर, तंबू, दोरखंड आणि होड्यांची डागडुजी, सगळे शिबिरार्थींनी पाळीपाळीने करायचे. शिकवणारेही स्वयंसेवक, काल जो शिकला तो उद्या दुसऱ्याला विनामूल्य शिकवणार, हे सूत्र आजतागायत शाळेच्या पायाशी आहे. यात पैशाची टंचाई होतीच, पण त्यापलीकडचा एक विचारही होता. दोर गुंडाळून ठेवणे हे दोर ओढण्याइतकेच नौकानयन आहे, असे येथे मानले गेले. ज्याने होडीचा तळ हाताने घासला आहे त्याला खडकाजवळून जाताना त्या तळाची जाडी आठवते. त्यामुळे देखभाल हा अभ्यासक्रमाच्या बाहेरचा उपद्व्याप न राहता अभ्यासक्रमाचाच भाग झाली.

१४/२४
सामायिक होडी वापरायची तर होडीचे रूपही बदलावे लागते. वास्तुविशारद आणि ऑलिंपिक नौकापटू झाँ-झाक एर्ब्यूलो याने १९५० च्या दशकाच्या आरंभी ग्लेनाँसाठी ‘व्होरियाँ’ ही छोटी होडी आखली. या नावाचा अर्थ उनाड किंवा टवाळ. लांबी ४.०८ मीटर, बांधणी प्लायवुडची, आराखडा इतका साधा की सुतारकामाची जुजबी माहिती असलेल्यालाही दुरुस्ती जमावी. तिची किंमत दोन सायकलींइतकी असावी, असे लक्ष्य होते म्हणतात. अशा ३६,००० हून अधिक होड्या पुढे बांधल्या गेल्या. दुरुस्त करायला सोपी ती लोकांची होडी, ही दृष्टी या आराखड्यात आहे. वेगाचा विचार त्यानंतरचा.

१५/२४
फिलिपने पत्रकारितेकडे मोर्चा वळवल्यावर शाळेचा भार मुख्यतः एलेनच्या खांद्यावर आला आणि १९७९ पर्यंत तिने तो वाहिला. होड्यांचा ताफा वाढला, पेनफ्रे, बनानेक, द्रेनेक अशा बेटांवर तळ झाले. अशा संस्थेत रोमहर्षक काम थोडे आणि यादी करण्याचे काम फार. कोणत्या होडीचे शीड फाटले, कोणत्या तळावर पिण्याचे पाणी किती उरले, पुढच्या तुकडीत हातोडी धरता येणारे किती. समुद्रावरच्या साहसाच्या कथा लिहिणारे पुष्कळ झाले. या याद्या नसत्या तर साहसासाठी होडी उरली नसती, हे मात्र फार थोड्यांनी नोंदवले आहे. एलेन २००६ मध्ये निवर्तली.

१६/२४
१९६१ मध्ये शाळेने आपला ‘नौकानयन पाठ्यक्रम’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तो अनेक स्वयंसेवकांच्या सामूहिक अनुभवातून तयार झाला. त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि इंग्रजीतही तो गेला. १९६९ मध्ये ही चळवळ आयर्लंडमध्ये पोहोचली. कॉर्क परगण्यातील बाल्टिमोर गावी, बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत तिचा तळ सुरू झाला. ज्या परगण्यात १७२० चा सरदारी क्लब जन्माला आला, त्याच परगण्यात सुमारे अडीचशे वर्षांनी विद्यार्थी आणि कारकून स्वतःच्या हाताने सामायिक होड्या रंगवू लागले. दोहोंत अंतर फक्त एका किनाऱ्याचे, पण सामाजिक दृष्ट्या ते केवढे तरी होते.

१७/२४
त्याच सुमारास इंग्लंडातही प्लायवुड आणि युद्धकाळात विकसित झालेल्या जलरोधक सरसाने चित्र पालटवले. १९६२-६३ मध्ये ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या आश्रयाने ‘मिरर’ होडी बाजारात आली. आराखडा जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरगुती दुरुस्त्या शिकवणारे बॅरी बकनेल यांचा. प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांधे काचतंतूंची पट्टी व रेझिन लावून पक्के करायचे. सुटे भाग ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळत. ७०,००० हून अधिक ‘मिरर’ बनल्या, त्यांतल्या कितीतरी घराच्या मागच्या पडवीत. होडी बांधणारा आणि होडी चालवणारा येथे एकच माणूस झाला.

१८/२४
या होड्या घेऊन माणसे गेली कोठे? समुद्रकाठचे जुने क्लब त्यांच्यासाठी नव्हते. रस्ते आणि घरे बांधण्यासाठी खडी उपसून झालेले खड्डे पाण्याने भरले होते. शहरांसाठी बांधलेले जलाशय होते. अशा ठिकाणी नवे क्लब उभे राहिले. जुन्या लष्करी झोपड्या, पिंपांवर फळ्या ठोकून केलेले तरंगते धक्के, सदस्यांनीच ओतलेले काँक्रीटचे उतार, अशी त्यांची मालमत्ता. वसंत ऋतूच्या आरंभी आणि हंगाम संपल्यावर ‘कामाचा रविवार’ ठरलेला असे. सुतार, शिक्षक, विजेचे काम जाणणारा, हिशेबनीस असे सगळे फावडी घेऊन हजर होत. वर्गणी कमी ठेवता आली ती या रविवारांमुळे. गवंड्याची मजुरी ज्याला देता येत नव्हती त्याने स्वतःची मजुरी दिली आणि तो सदस्य झाला.

१९/२४
नॉर्वेत या प्रकाराला स्वतंत्र आणि जुना शब्द आहे, ‘दुग्नाद’. मदत या अर्थाच्या प्राचीन नॉर्स शब्दापासून तो आला. शेजाऱ्याचे छप्पर, गावचा रस्ता, शाळेचे अंगण आणि होड्यांचा धक्का, सगळीकडे दुग्नाद चालते. काम संपल्यावर एकत्र खाणेपिणे होते. २००४ मध्ये नॉर्वेच्या लोकांनी मतदानाने हा शब्द ‘राष्ट्रीय शब्द’ म्हणून निवडला. मराठी वाचकाला यासाठी फार लांब जावे लागणार नाही. गावातल्या सगळ्यांनी आपापली औते आणून एकाचे रान नांगरून द्यायचे आणि त्याने जेवण घालायचे, ही ‘इर्जिक’. आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबायचे, ही ‘सावड’. या सगळ्यांत श्रमाची परतफेड श्रमानेच होते.

२०/२४
पण इर्जिकेला न येणाऱ्याचे काय करायचे? अनेक नौकाक्लबांनी नियम केला, वर्षाला इतके तास काम, नाहीतर इतका दंड. नियम रास्त वाटतो, पण त्यात एक खोच आहे. इस्रायलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांवर झालेला एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांत दंड लावला, तर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. दंड काढल्यावरही ते प्रमाण उतरले नाही. पूर्वी संकोच वाटत असे, आता किंमत मोजल्याचे समाधान मिळू लागले. क्लबातही दंड कमी असेल तर श्रीमंत सदस्य तो आनंदाने भरतो, आणि मागच्या दाराने पगारी नावाडी परत येतो.

२१/२४
गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले होते की सामायिक कुरण प्रत्येकाच्या स्वार्थापायी उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरच्या मच्छीमार, पाटकरी आणि वनवासी समूहांची उदाहरणे देऊन दाखवले की असे होणे अटळ नाही. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकलेल्या समूहांत त्यांना काही समान गोष्टी आढळल्या. कोण सदस्य हे स्पष्ट असते, नियम वापरणारेच ठरवतात, लक्ष ठेवणारे आपल्यातलेच असतात, चुकलेल्याला शिक्षा पायरीपायरीने होते. क्लबच्या भिंतीवर टांगलेली कामाची पाळी आणि होडीत ठेवलेली बिघाडांची वही या तत्त्वांचीच लहान रूपे होत.

२२/२४
या श्रमाचे गोडवे गाताना त्याची काळी बाजू झाकता कामा नये. जुन्या रंगांत शिसे आणि तांबे असे. खरवडताना त्याची धूळ स्वयंसेवकांच्या छातीत जाई. १९७० च्या दशकात ‘टीबीटी’ हे कथिलाचे संयुग असलेला शेवाळरोधक रंग लोकप्रिय झाला. बुडावर काही चिकटेना, रविवारचे श्रम वाचले. परंतु फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातील कालवांची पैदास कोलमडली, शिंपले वेडेवाकडे वाढू लागले. १९८२ मध्ये फ्रान्सने पंचवीस मीटरहून लहान होड्यांना हा रंग लावण्यास बंदी घातली, १९८७ मध्ये ब्रिटननेही. जागतिक करार अमलात यायला २००८ साल उजाडले. आपल्या होडीची देखभाल शेजारच्या कालवे-उत्पादकाच्या मुळावर आली होती. सामायिक वस्तूंच्या यादीत पाणीही असते, हे क्लबांना तेव्हा शिकावे लागले.

२३/२४
काचतंतूच्या होड्यांनी १९६० नंतर देखभाल पुष्कळ हलकी केली. फटी बुजवण्याचे काम गेले, तसे ते शिकवणारे वृद्ध सदस्यही कोपऱ्यात गेले. धातू आणि प्लास्टिकचे तरंगते धक्के आले, त्यांचे सुटे भाग दुकानातून येऊ लागले. काम घटल्यावर एकत्र येण्याचे निमित्तही घटले. शिवाय काम म्हणजे नेमके काय, हाही वाद जुनाच आहे. धक्क्यावर खिळा ठोकला तर तास वहीत चढतो. त्याच दिवशी साठ माणसांचे जेवण रांधले, मुले सांभाळली, हिशेब लिहिला तर तो चढेलच असे नाही. क्लबांत ही दुसरी कामे दीर्घकाळ बायकांकडे राहिली आणि दीर्घकाळ मोजली गेली नाहीत. ग्लेनाँच्या बेटांवर भांडी आणि शीड एकाच पाळीत धरली गेली, यातले वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते.

२४/२४
तीनशे वर्षांच्या या इतिहासात शिडाची होडी स्वस्त झाली ती प्लायवुडमुळे, सरसामुळे आणि साध्या आराखड्यांमुळे. ती सामान्यांची झाली ती मात्र खरवडणी मालकाच्या हाती आल्यामुळे. जेथे सदस्याने ती पुन्हा पगारी हातात दिली तेथे वर्गणी वाढली आणि दार अरुंद झाले. जेथे ती पाळीपाळीने फिरत राहिली तेथे विद्यार्थी, कारकून आणि कामगार समुद्रावर जाऊ शकले. ही पाळी टिकवणे अवघड असते, कारण तळ खरवडणाऱ्याचे नाव करंडकावर कोरले जात नाही. त्याची नोंद राहते ती वहीच्या एका ओळीत: तारीख, होडीचा क्रमांक, सुकाणूची खीळ बदलली. दुसऱ्या दिवशी ती होडी घेऊन जाणारा कोणी अनोळखी त्या ओळीच्या भरवशावर धक्का सोडतो.
(धागा समाप्त)